विकिपीडिया की विकिस्रोत: सीमाभागातल्या मराठी माणसानं सुरुवात कुठून करावी?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ज्यांना मराठीसाठी ऑनलाइन काही करायचंय, त्यांच्यापुढं तीन वाटा आहेत: विकिपीडिया हा ज्ञानकोश, विकिस्रोत हे जुन्या पुस्तकांचं ग्रंथालय आणि कॉमन्स हा फोटोंचा साठा. खातं एकच, तिन्हीकडं चालतं. काम मात्र तिन्हीकडं वेगळं.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. इथं प्रत्येक विधानाला भरवशाचा, शक्यतो छापील संदर्भ लागतो. 'आमच्या गावात पोराटोरांनाही ठाऊक आहे' हे चालत नाही. गावच्या जत्रेवर हौसेनं लिहिलेला मजकूर संदर्भाअभावी काढला जातो आणि नवा माणूस तिथंच हिरमुसतो. म्हणून आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या पानावर, लिहून पाहावं. सीमाप्रश्नावर लिहिणार असाल तर आणखी जपून: १९५६ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, महाराष्ट्राचा २००४चा सर्वोच्च न्यायालयातला दावा, सगळं दोन्ही बाजूंसकट मांडावं लागतं. 'बेळगाव' की 'बेळगावी' या वादात तर नव्यानं येणाऱ्यानं पडूच नये, हे माझं कळकळीचं सांगणं.

पण कन्नड वाचता येत असेल, तर तुमची गरज इथंच जास्त आहे. कोल्हापुरी चपलेचंच घ्या. २०१९मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, आणि त्यात बेळगावही आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या कारागिरांवर मराठीत नीट लिहायचं तर कन्नड संदर्भ चाळावे लागणार. पुण्या-मुंबईच्या बहुतेक संपादकांना ते जमणार नाही, तुम्हाला जमेल.

विकिस्रोतावर स्वतःचं काही लिहायचं नसतं. एका बाजूला जुन्या पुस्तकाच्या पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला यंत्रानं ओळखलेला मजकूर. यंत्र 'ध'चा 'घ' करतं, 'भ'चा 'म' करतं. ते आपण सुधारायचं. 'नांव', 'कांहीं' असे १९६२च्या नियमांआधीचे अनुस्वार दिसले की हात शिवशिवतात, पण ते जसेच्या तसे ठेवायचे. एकानं तपासलं की पानाची खूण पिवळी होते, दुसऱ्यानं पुन्हा तपासलं की हिरवी. इथं वादाला जागाच कमी, म्हणून आठवड्याला तासभरच मिळत असेल तर मी हेच सुचवेन. घरात आजोबांच्या वेळची पुस्तकं असतील तर फारच उत्तम. फक्त आपल्याकडं स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, तेवढं आधी पाहून घ्या.

लिहिण्याचाच कंटाळा असेल तर कॉमन्स. हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर, राजहंसगड, बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती यांचे स्वतः काढलेले फोटो चढवा. नाव, गाव, तालुका मराठीत आणि जमलं तर कन्नडमध्येही लिहा. फोटो चढवताना तो कुणालाही वापरू देणारा खुला परवाना द्यावा लागतो, आणि एकदा दिला की तो मागं घेता येत नाही. उद्या एखाद्या कॅलेंडरवाल्यानं तुमचं नाव देऊन तो फोटो छापला, तर पैसे मागता येणार नाहीत. हे पटत नसेल तर तो फोटो चढवू नका.