काळ्या डबीवर लिहिलं होतं 'आयसोलेटेड'

कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजून छोटा पंप चालू करणारं सर्किट करत होतो. मोबाईलच्या जुन्या चार्जरवर ते मजेत चालत होतं. पण चार्जर खोक्यात मावेना, म्हणून एक मॉड्यूल ऑनलाइन मागवलं. काड्यापेटीहून लहान, काळ्या रेझिनने भरलेलं. एका बाजूला 230 व्होल्ट, दुसऱ्या बाजूला 5. जाहिरातीत ठळक अक्षरांत 'पूर्ण आयसोलेटेड (म्हणजे 5 व्होल्टची बाजू घरच्या विजेपासून अलग), 600 मिलीअँपिअर', आणि फोटोत पिवळ्या टेपचा ट्रान्सफॉर्मर.

हातात घेतलं तेव्हा ते फारच हलकं लागलं. शंका तिथेच यायला हवी होती. मीटरवर 5.02 दिसले आणि मी खूश.

आठवडाभर काही झालं नाही. मग सेन्सरचे आकडे लॅपटॉपवर बघायचे म्हणून खोकं टेबलावर आणलं, दुसऱ्या सॉकेटला लावलं आणि यूएसबी वायर खुपसली. फट्! एमसीबी पडला, बोर्डावरच्या यूएसबीच्या चिपला टाचणीएवढं भोक पडलं. लॅपटॉपचा तो पोर्ट गेला तो गेलाच.

प्लग काढून मल्टिमीटर बझरवर ठेवला. एक टोक मॉड्यूलच्या इनपुटच्या पिनेला, दुसरं आउटपुटच्या मायनसला. टीऽऽ! म्हणजे मधे सरळ तांबं. खऱ्या आयसोलेटेड सप्लायमध्ये वीज पलीकडे जाते ती ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकत्वातून; दोन बाजूंना जोडणारी तार नसते. इथे घरच्या विजेची एक तारच माझ्या सर्किटचा मायनस झाली होती. प्लग दोन पिनांचा, कसाही बसतो. पहिला आठवडा ती तार न्यूट्रल होती, त्या दिवशी फेज, म्हणजे शॉक देणारी तार झाली. लॅपटॉपचा ग्राउंड, म्हणजे त्याचा मायनस, तीन पिनांच्या चार्जरमधून अर्थिंगला जोडलेला, आणि यूएसबी वायरने फेज आणि अर्थिंगची गाठ मी माझ्या हाताने घालून दिली.

रेझिन फोडून पाहिलं. एक आठ पायांची आयसी, एक डायोड, दोन कपॅसिटर आणि बोराएवढी कॉइल. ट्रान्सफॉर्मर फोटोतच राहिला होता. फ्यूजही नव्हता.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, जोडणी तुमची चुकली. मग म्हणाला, आयसोलेटेड म्हणजे वरून रेझिनने बंद केलेलं, हात लावला तर शॉक बसत नाही! यावर काय बोलणार? पैसे परत दिले, जाहिरातीतला तो शब्द मात्र तसाच आहे.

असं मॉड्यूल घेतलं असेल तर आधी प्लग काढा, सगळ्या वायरी सोडवा. मग इनपुटच्या दोन्ही पिना आणि आउटपुटच्या दोन्ही पिना अशा चारही जोड्या मीटरच्या सगळ्यात वरच्या ओहम रेंजवर तपासा. एकाही जोडीत आकडा आला तर ते मॉड्यूल भंगारात टाका. आकडा आला नाही म्हणून माल चांगलाच, असंही नाही. आत इन्सुलेशनचा एकच पातळ थर असला तरी मीटरला ते कळत नाही, आणि रेझिनमुळे तुम्हालाही दिसत नाही. मी पुन्हा चांगल्या कंपनीच्या चार्जरवर आलो आहे. खोकं मोठं घेतलं.

पोर्टचं दुःख आता ओसरलं. पण त्या आठवड्यात सेन्सर बरोबर सांगतोय ना, हे बघायला मी रोज सकाळी कुंडीतल्या ओल्या मातीत बोट घालत होतो. प्लग न काढता.