पीएचपीतून मायएसक्यूएलला जोडायचंय, तर मायएसक्यूएलआय घ्यावं की पीडीओ?

आमच्या इंदूरला रामबागेकडे एक छोटं मराठी वाचनालय आहे, त्याची साइट मी कॉलेजात असताना फुकटात लिहून दिली होती. मध्यंतरी होस्टिंगवाल्यानं जुनं पीएचपी ५.६ काढून ८.२ टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खातोय तोवर वाचनालयाच्या काकांचा फोन, "अरे, पुस्तकं कुठं गेली सगळी?" पुस्तकं कपाटातच होती हो, साइटचं डेटाबेसशी कनेक्शन गेलं होतं. पीएचपीला मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणारं जुनं मायएसक्यूएल एक्स्टेन्शन, ते मायएसक्यूएल अंडरस्कोर कनेक्ट वगैरे, २०१३ मध्ये ५.५ पासून "वापरू नका" म्हणून सांगत होते आणि डिसेंबर २०१५ मध्ये ७.० आलं तेव्हा काढूनच टाकलं. मी ऐकलं नव्हतं, चूक माझीच.

आता उरले दोन रस्ते, मायएसक्यूएलआय आणि पीडीओ, आणि मी नाइलाजानं दोन्ही चालून पाहिलेत म्हणून हे लिहितोय.

वेगाचं आधी उरकतो. फरक नाहीच म्हणा, निदान आपल्यासारख्यांच्या साइटला कळण्याइतका तरी नाही. दोघंही आतून त्याच मायएसक्यूएलएनडी ड्रायव्हरवरून सर्व्हरशी बोलतात, साइट हळू असेल तर आधी टेबलांचे इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) बघा.

साइट बंद पडलीय, लोक फोन करतायत, कोड जुना आहे, तर मायएसक्यूएलआय घ्या आणि रात्रीत उरका. मी तेच केलं. फंक्शनांची नावं जवळपास तीच, मागे एक "आय" लागतो, पण डोळे झाकून फाइंड-रिप्लेस मारू नका, कारण जुन्या क्वेरी फंक्शनात आधी क्वेरी (डेटाबेसला द्यायचा हुकूम) असायची आणि कनेक्शन मागून, तेही दिलं तर दिलं, इथे कनेक्शन आधी आणि द्यावंच लागतं. शिवाय जुनं मायएसक्यूएल रिझल्ट नावाचं फंक्शन होतं, एका ओळीतली एकच व्हॅल्यू काढायचं, त्याला हुबेहूब जोडीदार नाही, माझी मोजदादीची सगळी पानं तिथंच अडकली.

साइट चालू झाली, काका खूश. मग निवांतपणे कोड वाचला तर स्वतःचीच लाज वाटली, सगळीकडे व्हेरिएबल थेट क्वेरीत चिकटवलेलं. डि'सूझा नावाचा सभासद शोधला की त्या वरच्या अपॉस्ट्रॉफीनं क्वेरी मोडायची, आणि जिथं अपॉस्ट्रॉफीनं क्वेरी मोडते तिथून इंजेक्शनही, म्हणजे परक्यानं घुसडलेला हुकूमही, घुसतं. म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरीत जागा सोडून व्हॅल्यू वेगळ्या द्यायच्या) लावायलाच हवं होतं, आणि इथं मला पीडीओ आवडायला लागलं. मायएसक्यूएलआयमध्ये त्या जागेसाठी फक्त प्रश्नचिन्ह चालतं, आणि व्हॅल्यू बाइंड करताना, म्हणजे जोडताना, प्रत्येकाचा प्रकार एका अक्षरानं सांगायचा, आय म्हणजे पूर्णांक, एस म्हणजे स्ट्रिंग, असं. तीन प्रश्नचिन्हं असतील तोवर ठीक, पण आमच्या शोधपानावर लेखक, विषय, प्रकाशक, वर्ष, जे भरलं असेल तेवढंच क्वेरीत घालायचं होतं, तिथं ती अक्षरांची माळ ओवताना डोकं फिरतं. पीडीओत कोलन लावून नाव द्या, कोलन लेखक, कोलन विषय (अर्थात रोमन अक्षरांत, देवनागरी नाव तिथं चालत नाही), आणि एक्झिक्यूटला ॲरे देऊन मोकळे व्हा. खरं सांगायचं तर ही तक्रार आता निम्मीच उरलीय, कारण पीएचपी ८.१ पासून मायएसक्यूएलआयचं एक्झिक्यूटही ॲरे घेतं आणि ८.२ मध्ये एक्झिक्यूट क्वेरी म्हणून सगळं एका ओळीत होतं. नावं मात्र अजून नाहीत.

पीडीओचीही एक खोड आहे, ती मला दोन तास पुरली. मायएसक्यूएलसाठी ते मूळ सेटिंगमध्ये प्रिपेअरचं नुसतं नाटक करतं, म्हणजे व्हॅल्यू स्वतःच कोटात बसवून तयार क्वेरी सर्व्हरला पाठवतं, आणि ॲरेतून दिलेलं सगळं स्ट्रिंग धरतं, त्यामुळे किती ओळी हव्यात ते सांगणाऱ्या लिमिटचा दहा "कोटातला दहा" होतो आणि सर्व्हर चिडतो. एम्युलेट प्रिपेअर्स हे सेटिंग बंद करा, संपलं. पण मग तेच नाव एका क्वेरीत दोनदा वापरता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

एररच्या बाबतीत आता दोघं सारखे, पीडीओ ८.० पासून आणि मायएसक्यूएलआय ८.१ पासून चूक झाली की आपणहून एक्सेप्शन फेकतात, म्हणजे काम थांबवून एरर देतात. फक्त लाइव्ह साइटवर डिस्प्ले एरर्स हे सेटिंग बंद ठेवा भिया, नाहीतर कनेक्शन फसलं की कुठल्या सर्व्हरवर कुठला युजर, ते सगळं पानावर छापून येतं, आणि जुन्या पीएचपीत तर पासवर्डसुद्धा.

"पीडीओ घेतलं की उद्या डेटाबेस बदलता येतो" असं सगळे सांगतात, ते अर्धं खरं. पोस्टग्रेस, एसक्यूलाइट, ऑरॅकल, सगळ्यांना तीच हाक मारता येते, पण पीडीओ काही दुभाष्या नाही, तुमची क्वेरी जशी आहे तशीच पुढे सरकवतं. मायएसक्यूएलचं नाऊ फंक्शन एसक्यूलाइटला कळत नाही, मग लिहा परत. तरी लॅपटॉपवर एसक्यूलाइट घेऊन खेळायचं असेल तर उपयोग आहेच. उलट एसिंक क्वेरी, म्हणजे उत्तराची वाट न बघता सोडलेली क्वेरी, हवी असेल तर मायएसक्यूएलआयच लागेल, पण वाचनालयाला ती कशाला हवी!

आणि हो, दोन्हीकडे होस्ट म्हणून लोकलहोस्ट लिहिलं तर लिनक्सवर ते पोर्ट ३३०६ ला जातच नाही, सॉकेट फाइल शोधतं, ती सापडली नाही की "नो सच फाइल" म्हणतं आणि आपण पासवर्ड तपासत बसतो. १२७.०.०.१ लिहून बघा.

आता खरा घोळ, आणि याला दोघांपैकी कोणीच जबाबदार नाही. कॅरसेट म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी लिहायची ते. पीडीओत डीएसएनमध्येच, म्हणजे कनेक्शनच्या माहितीच्या ओळीतच, तो लिहितात, मायएसक्यूएलआयमध्ये सेट कॅरसेट म्हणून वेगळं सांगतात, दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ द्या. मी दिलं, आणि सगळी मराठी नावं किडामुंगी झाली! कारण जुन्या कनेक्शनचा कॅरसेट लॅटिन१ (युरोपीय अक्षरांचा) होता, इतकी वर्षं चुकीचंच लिहिलं जात होतं आणि चुकीच्याच वाटेनं परत वाचलं जात होतं, म्हणून पानावर बरोबर दिसायचं. उपाय असा की मायएसक्यूएलडम्प (डेटाबेसची फाइल) लॅटिन१ सांगून, स्किप सेट कॅरसेट लावून काढायचा, त्या फाइलीत टेबलांचा कॅरसेट यूटीएफ८एमबी४ करायचा आणि तीच फाइल यूटीएफ८एमबी४ म्हणून आत घ्यायची. आधी बॅकअप, हे सांगायला नको.

तेवढ्यानं अक्षरं परत आली, पण लांब नावांची शेपटं नाही आली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, मात्रा-वेलांटी वेगळी मोजायची, म्हणजे "श्री" एवढ्यातच चार चिन्हं, बारा बाइट. लॅटिन१ मध्ये प्रत्येक बाइट एक कॅरेक्टर धरला जातो, मग शंभरच्या रकान्यात जेमतेम तेहतीस चिन्हं, आणि जुना सर्व्हर जास्तीचं गुपचूप कापून टाकायचा. ते कुठलाही ड्रायव्हर परत आणत नाही. दोन रविवार काका कपाटातून एकेक पुस्तक काढून नाव वाचत होते आणि मी टाइप करत होतो.