व्हेगन शाम्पूच्या नावाने फसवणूक: 'तीन दिवसांत खाज बंद' वाल्या किटपासून सावध राहा

डोक्याला खाज सुटते म्हणून व्हेगन शाम्पू शोधताय आणि इन्स्टावर हिरवी बाटली, सोबत ड्रॉपरची छोटी बाटली, 'तीन दिवसांत खाज बंद नाहीतर पैसे परत' अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरायच्या आधी हे पूर्ण वाचा. माझे १,४९९ रुपये गेले त्याचं वाईट वाटतंच, पण खरा संताप येतो तो त्यानंतर डोक्याचे जे हाल झाले त्याचा. आणि हे लोक अजून विकतायत.

मी बरीच वर्षं व्हेगन आहे. दूध, मध, रेशीम, लोकर काहीच नाही. जेवणाचं जमतं हो, महाराष्ट्रात तर उलट सोपं आहे, पिठलं भाकरी, थालीपीठ, उसळी, काय अडतंय. अडतं ते साबण, शाम्पू, क्रीमपाशी. मी नाशिकला राहते, सोसायटीत बोअरचं पाणी, थंडीत डोक्याची कातडी इतकी कोरडी पडते की ऑफिसात बसल्या बसल्या हात आपोआप केसात जातो, खांद्यावर कोंडा, नखं लागून कानामागे खपल्या. मेडिकलमध्ये जाऊन विचारावं तर तो म्हणतो व्हेगन म्हणजे काय मॅडम, हर्बल देऊ का. कंपन्यांना मेल करून विचारलं की तुमचं ग्लिसरीन, स्टिअरिक ॲसिड प्राण्यांच्या चरबीचं की वनस्पतीचं, तर 'आमची उत्पादने सर्व मानकांनुसार आहेत' असं ठोकळेबाज उत्तर येतं, तेही आलं तर. म्हणजे ज्याला खरंच हवंय त्याला सरळ उत्तर कुणी देत नाही, आणि नेमकी हीच जागा हे भामटे पकडतात. त्यांना माहितीये की हा माणूस किती ठिकाणी विचारून दमलाय.

जाहिरातीत पांढरा कोट घातलेला माणूस, कॅमेऱ्याने डोक्याची कातडी मोठी करून दाखवलेली, 'जर्मन टेक्नॉलॉजी, शंभर टक्के व्हेगन'. मी व्हॉट्सॲपवर विचारलं घटकांची यादी पाठवा. लगेच पीडीएफ आली, रिठा, शिकेकाई, कडुलिंब, कोरफड, टी ट्री ऑइल, बघून कुणालाही बरं वाटेल अशी. सर्टिफिकेट मागितलं तर हिरव्या चौकोनातला व्ही असलेला लोगो आला. आता मला कळलंय की तो लोगो एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा आहे, २०२२ च्या व्हेगन फूड नियमांमधला, आणि तो फक्त खाण्याच्या वस्तूंसाठी आहे. शाम्पू एफएसएसएआयच्या हद्दीतच येत नाही! शाम्पूच्या बाटलीवर तो लोगो असेल तर तिथेच थांबा, याच्याहून मोठा पुरावा नको.

कॅश ऑन डिलिव्हरी जाहिरातीत होतं पण ऑर्डर करताना म्हणाले ताई आज ऑफर फक्त प्रीपेडवर आहे. यूपीआयवर पैसे पाठवताना कंपनीचं नाव न येता कुठल्यातरी बाईचं नाव आलं, विचारलं तर म्हणे आमच्या अकाउंट्सच्या मॅडम आहेत.

किट आलं आणि खरं सांगते, आराम पडला. शाम्पूने नाही, ड्रॉपरमधलं जे 'स्कॅल्प टॉनिक' रात्री लावायचं होतं त्याने. दोन-तीन रात्रींत खाज गायब, लाली गायब, मी मैत्रिणींना पण सांगत होते की बघा मिळालं एकदाचं. थोडे आठवडे मजेत गेले. मग टॉनिक संपलं, आणि चार दिवसांत डोकं असं पेटलं की उशीला टेकवेना. कपाळाच्या कडेने पुळ्या, कानामागे कातडी लाल आणि चमकणारी, पाणी लागलं तरी चुरचुरायचं. त्यांना मेसेज केला तर उत्तर काय, 'ताई हे टॉक्सिन बाहेर पडतंय, दुसरं किट लगेच चालू करा, तुम्हाला १,२९९ ला देतो'. हे वाक्य लक्षात ठेवा. अंगावर काही उठलं की 'टॉक्सिन बाहेर पडतायत' म्हणणारा विक्रेता पुढचं किट विकायला बसलेला असतो.

स्किनच्या डॉक्टर मॅडमनी भिंगातून बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला की आराम किती दिवसांत पडला. म्हणाल्या लॅब टेस्ट केल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही, पण इतक्या झटपट आराम आणि बंद केल्यावर दुप्पट उसळणं, कातडी पातळ होणं, हे स्टिरॉइडचं लक्षण आहे. क्लोबेटासोलसारखी स्टिरॉइडं डोक्याच्या त्रासावर डॉक्टर देतात पण मोजून, ठराविक दिवस आणि हळूहळू कमी करत. ती शेड्युल एच या सरकारी यादीतली औषधं आहेत, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि सौंदर्यप्रसाधनात तर घालताच येत नाहीत. हर्बल म्हणून त्यात मिसळून विकायचं हा जुना धंदा आहे, गोरेपणाच्या क्रीममध्ये तर सर्रास चालतो, आता डोक्यापर्यंत पोचलाय.

बाकी मॅडमनी समजावलं ते पण सांगते कारण हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. खाज हा आजार नाही, लक्षण आहे. कोंड्याच्या खाजेत बहुतेक वेळा मालासेझिया नावाची बुरशी असते, ती सगळ्यांच्याच डोक्यावर असते, तेलकटपणावर जगते, काहींना तिचा त्रास होतो. अशा डोक्यावर रात्रभर तेल चोपडून ठेवलं की तिलाच खायला घातल्यासारखं होतं. पण खाज सोरायसिसची असू शकते, हेअर डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी असू शकते, उवा असू शकतात, आणि खुद्द शाम्पूतल्या सुगंधाची किंवा मेथिलआयसोथायाझोलिनोन नावाच्या प्रिझर्व्हेटिव्हची पण असू शकते. हे शेवटचं तर पूर्णपणे व्हेगन शाम्पूत पण सापडतं. व्हेगन म्हणजे सौम्य असं अजिबात नाही, व्हेगन म्हणजे प्राण्यापासून काही घेतलेलं नाही, एवढंच.

आता बाटलीचं ऐका. शाम्पूची बाटली बाथरूममध्येच होती, वाफेने वरच्या स्टिकरचा कोपरा सुटला होता. मी नखाने धरून ओढला तर अख्खा स्टिकर सोलून आला आणि खाली दुसरंच छापलेलं लेबल! सलूनमध्ये पाच-पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतो तसल्या स्वस्तातल्या शाम्पूचं, त्यावर मोठ्या अक्षरात मिल्क प्रोटीन अँड हनी. घटकांमध्ये हायड्रोलाइज्ड केराटिन म्हणजे प्राण्यांच्या केस-पिसांपासूनचं प्रोटीन, मेल म्हणजे मध, मिल्क प्रोटीन, आणि शेवटी तेच प्रिझर्व्हेटिव्ह. रिठा नाही, शिकेकाई नाही, कडुलिंबाचं पान सुद्धा नाही. एक्सपायरी उलटून गेलेली, आणि वरच्या स्टिकरवर दोन वर्षं पुढची तारीख. मी बाथरूमच्या दारात उभी राहून रडले. जे आयुष्यात अंगाला लावायचं नाही म्हणून इतकी वर्षं जपलं ते इतके आठवडे डोक्याला चोळत होते. ज्यांना हे नाटक वाटेल त्यांना वाटो, माझ्यासाठी ही पैशापेक्षा मोठी फसवणूक आहे.

पैसे मागितले तर आधी म्हणे उघडलेली बाटली परत घेत नाही, मी फोटो पाठवल्यावर सूर बदलला, 'रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका'. इथे अजिबात फसू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. पिन टाकला की पैसे जातात. मी नाही म्हटलं आणि त्याच मिनिटाला ब्लॉक.

मग मी १९१५ वर, म्हणजे नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मराठीतून बोलता येतं. पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० हा सायबरचा नंबर, तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं, पुढे पैसे फिरवायच्या आत अकाउंट थांबवता येतं. आणि भेसळ, खोटं लेबल यासाठी राज्याचं एफडीए, अन्न व औषध प्रशासन, तिथे लेखी दिलंय. माझे पैसे अजून आलेले नाहीत. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या साइटवर टाकून बघितला तर तो भलत्याच धंद्याचा निघाला, पत्ता महाराष्ट्रातला दिलेला आणि नंबर सुरू होत होता ०७ ने, जो दिल्लीचा कोड आहे, आपला २७. हे दोन मिनिटांत फुकट बघता येतं, ऑर्डरच्या आधी जीएसटी नंबर मागा आणि बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने नाव, पत्ता, तक्रार अधिकारी दाखवायलाच हवा, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला हवी. फक्त व्हॉट्सॲप नंबर असलेलं दुकान म्हणजे दुकानच नाही.

बाटली हातात आली की आधी मागची बाजू. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच नंबर, उत्पादन परवान्याचा नंबर, तारखा, घटकांची यादी हे सगळं असायलाच हवं. परदेशी माल म्हणत असतील तर आयात करणाऱ्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर हवा, नुसतं 'जर्मन टेक्नॉलॉजी' म्हणून चालत नाही. लेबलवर नख फिरवून बघा, खाली दुसरा कागद लागतो का. हिरवा ठिपका दिसला म्हणून व्हेगन समजू नका, तो शाकाहारीचा, दूध-मध त्यात बसतं. उड्या मारणाऱ्या सशाचं चिन्ह प्राण्यांवर चाचणी नाही एवढंच सांगतं, आणि भारतात तर कॉस्मेटिकची प्राण्यांवर चाचणी २०१४ पासून बंदच आहे. ब्रिटनच्या व्हेगन सोसायटीचं सूर्यफुलाचं चिन्ह असेल तर त्यांच्या साइटवर ब्रँडचं नाव शोधून खात्री करता येते. नाहीतर यादीत स्वतः शोधा: केराटिन, कोलॅजन म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांचं प्रोटीन, सिल्क प्रोटीन किंवा सेरिसिन, लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीचा मेणचट पदार्थ, सेरा अल्बा म्हणजे मधमाशीचं मेण, सीआय ७५४७० म्हणजे किड्यांपासूनचा लाल रंग, सीआय ७५१७० म्हणजे माशाच्या खवल्यांची चमक.

आणि बुरशीविरोधी औषधी शाम्पूंमध्ये पण काहींत हायड्रोलाइज्ड कोलॅजन असतं, त्यामुळे डॉक्टरांना आधीच सांगा. मॅडमनी न हसता, न चिडता ऐकून घेतलं आणि कोलॅजन नसलेला केटोकोनॅझोल दोन टक्केवाला दिला, आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवून मग धुवायचा. एरवी सुगंध नसलेला साधा शाम्पू, पाणी कोमट. हे औषध बाजारात येताना प्राण्यांवर तपासलं गेलं असणार हे मला माहीत आहे आणि ते मला टोचतं, पण आजारपणात औषध घ्यायचं हे माझं मत पक्कं आहे. त्या टॉनिकच्या त्रासातून बाहेर यायला वेळ लागला, पुळ्या गेल्या, कानामागची कातडी अजून नाजूक आहे.

माझं किट, सोललेला स्टिकर, टॉनिकची रिकामी बाटली, चॅटचे स्क्रीनशॉट सगळं पिशवीत घालून ठेवलंय, एफडीएवाल्यांनी मागितलं तर द्यायला. तुमच्याकडे असं काही आलं असेल तर चिडून कचऱ्यात टाकू नका, टॉनिकचे चार थेंब जरी उरले असले तरी तपासायला उपयोगी पडतात. परवा तोच व्हिडिओ, तोच पांढरा कोटवाला, नव्या नावाने परत दिसला, फक्त बाटली आता जांभळी आहे. मी रिपोर्ट केलाय, तुम्हाला दिसला तर तुम्ही पण करा.