पुण्यात पहिलं घर आणि एजंट: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

आमची गरज साधी होती. कर्वेनगर किंवा सिंहगड रोड, रीसेलचा टू बीएचके, बजेट ८५ लाखांच्या आत. दोघांच्याही घरात याआधी पुण्यात फ्लॅट घेतलेला कोणी नव्हता, त्यामुळे विचारायचं तरी कोणाला हा प्रश्न होता. साधारण वर्षभर आम्ही एजंटांबरोबर फिरलो. आता घरात राहायला येऊन बरेच महिने झालेत, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलंय, पावसाळाही पाहून झालाय. एजंटबद्दल लिहायला हरकत नाही इतका वेळ गेलाय.

निकाल आधीच सांगते. एजंट घ्यावा, त्याच्याशी संबंध नीट ठेवावेत, पण तो 'आपल्या बाजूचा' आहे असं मानून चालू नये. तो मालकाच्या बाजूचाही नसतो. तो व्यवहार होण्याच्या बाजूचा असतो. साधा हिशोब बघा: एक टक्का ब्रोकरेज धरलं तर फ्लॅट ८४ ला जाण्यात आणि ८६ ला जाण्यात आपल्याला दोन लाखांचा फरक पडतो, एजंटला दोन हजारांचा. त्या दोन हजारांसाठी तो जमत आलेला व्यवहार मोडू देणार नाही, आणि आपल्या दोन लाखांसाठीही नाही. हे एकदा डोक्यात बसलं की त्याच्या वागण्याचा राग येत नाही. कुठल्या गोष्टीत त्याच्यावर विसंबायचं आणि कुठल्या गोष्टीत नाही हेही आपोआप कळतं.

सुरुवातीला सगळे करतात तेच आम्ही केलं: ॲपवर 'डायरेक्ट ओनर' शोधले. निम्मे ओनर फोनवर दुसऱ्या वाक्यातच 'आपल्याकडे अजून दोन-तीन ऑप्शन आहेत' म्हणायला लागले. ते प्रकरण तिथेच संपलं.

एजंटकडे जायचं ठरल्यावर पहिला प्रश्न किती जणांना सांगायचं. एजंट लोकांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात. एकाला गरज सांगितली की तासाभरात तिथे मेसेज पडतो: 'अर्जंट रिक्वायरमेंट, टू बीएचके, कर्वेनगर, बजेट ८५, फॅमिली, जेन्युइन पार्टी.' पाच जणांना सांगितलं तर असे पाच मेसेज पडतात, कोणी बजेट ८० लिहितो, कोणी ९०, आणि सगळ्यांना कळतं की एकच पार्टी गावभर फिरतेय. मग कोणीच जीव लावून काम करत नाही. त्यात तोच फ्लॅट तीन जणांकडून दाखवला जातो आणि व्यवहाराच्या वेळी 'आधी मी दाखवला होता' हा वाद सुरू होतो. ओळखीतल्या एका जोडप्याला यापायी दोन एजंटांच्या मध्ये बसून तडजोड करावी लागली. आम्ही भाग वाटून दोनच एजंट ठेवले, एक कर्वेनगरसाठी, एक सिंहगड रोडसाठी, आणि दोघांना दुसऱ्याबद्दल सांगून टाकलं. दोघांनाही काही वाटलं नाही. लपवलं असतं आणि ग्रुपवर कळलं असतं तर नक्की वाटलं असतं.

ग्रुपवर 'जेन्युइन पार्टी' सगळ्यांनाच लिहितात. खरोखर तशी वागणूक मिळायला आमच्या बाबतीत दोन गोष्टी कामाला आल्या. पहिली, बँकेचं सँक्शन लेटर. फ्लॅट बघायच्या आधीच आम्ही लोन मंजूर करून घेतलं होतं. ३० ते ७५ लाखांच्या लोनसाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, आणि स्टॅम्प ड्यूटी-रजिस्ट्रेशन त्या किमतीत धरलं जात नाही. म्हणजे स्वतःचे किती पैसे लागणार हे आमच्याकडे कागदावर होतं. एजंटला हे सांगितल्यावर त्याच्या आवाजातला फरक ऐकू येतो. ज्याला स्वतःचं बजेट माहीत नाही अशा माणसाला रविवारची दुपार देणं त्यालाही परवडत नसतं.

दुसरी गोष्ट, उत्तर. फ्लॅट बघून आलो की त्याच संध्याकाळी मी मेसेज करायचे, आणि नुसतं 'बघतो, सांगतो' नाही. 'हॉल आवडला, पण किचनला ड्राय बाल्कनी नाही, त्यामुळे नको.' 'चौथा मजला, लिफ्ट नाही, सासूबाईंना जमणार नाही.' सुरुवातीला आमच्या कर्वेनगरच्या एजंटकाकांना हे जरा जास्तच वाटलं असावं. नंतर मात्र त्यांचे फोनच बदलले. 'ताई, एक आलाय, पण पार्किंग ओपन आहे, तुम्हाला चालणार नाही, सांगून ठेवतो फक्त.' आमची चक्कर वाचली, त्यांचीही.

या काकांचं ऑफिस म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक गाळा, बाहेर बोर्ड 'भाडेकरार, फ्लॅट, दुकान, पोलीस व्हेरिफिकेशन'. मला आधी ते किरकोळ वाटले होते. पण भाड्याचं काम करणाऱ्या एजंटचा एक मोठा फायदा आहे. दर अकरा महिन्यांनी करार नव्याने होतो, त्यामुळे कोणता मालक परदेशात आहे, कोण भाडेकरूला कंटाळलाय, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलंय हे सगळं त्यांच्या कानावर असतं. फ्लॅट विकायला निघण्याआधीच त्यांना माहीत असतो. आमचा फ्लॅट असाच मिळाला, तो कुठल्याच ॲपवर आलेला नव्हता.

एक टीप, जी मला कोणीच दिली नव्हती: पितृपक्षात एजंटकडे जाऊन बसा. त्या पंधरवड्यात टोकन (सौदा पक्का करायची सुरुवातीची रक्कम) फारसं कोणी देत नाही, त्यामुळे एजंट मोकळा असतो आणि बोलतो. कुठल्या गल्लीत काय भावाने गेलं, कोणत्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची भांडणं चालू आहेत, कोणत्या इमारतीचं कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर होणं) अजून बिल्डरकडेच अडकलंय, हे मी त्या दिवसांत चहा पिता पिता ऐकलं. (भाव त्यांच्या तोंडून ऐकायचे आणि घरी येऊन नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा, त्यात किंमत असते) काढून ताडून बघायचे. काका साधारण खरं बोलायचे, पण 'साधारण' हा शब्द महत्त्वाचा.)

आता त्रासाच्या गोष्टी. ब्रोकरेज किती हे कायद्याने ठरलेलं नाही. पुण्यात रीसेलला एक ते दोन टक्के मागतात, बरेचदा दोन्हीकडून. सिंहगड रोडच्या एजंटने पहिल्या भेटीत विषयच काढू दिला नाही. 'अहो मॅडम, आधी घर तर आवडू द्या, पैशाचं काय घेऊन बसलात!' एक फ्लॅट बऱ्यापैकी जमत आल्यावर सांगितलं, दोन टक्के प्लस जीएसटी. जीएसटी नंबर मागितला तर तो नाही. नोंदणीच नसेल तर १८ टक्के लावायचे कशाच्या जोरावर? तिथून आम्ही बाहेर पडलो. काकांशी मात्र पहिल्याच दिवशी बोलणं झालं होतं: एक टक्का, चेकने, अर्धं साठेखताला (विक्रीचा आधीचा करार), अर्धं खरेदीखताला (मालकी बदलणारा शेवटचा दस्त). मी ते त्यांना व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं, त्यांनी अंगठा दिला, विषय संपला. घासाघीस करायची तर ती तेव्हाच करावी. काम झाल्यावर ब्रोकरेज कापायला निघालेल्या लोकांचे किस्से काकांच्या ऑफिसात नावानिशी सांगितले जातात.

घाई हा दुसरा प्रकार. 'उद्या दुसरी पार्टी टोकन देतेय' हे वाक्य प्रत्येक एजंट म्हणतो, आणि कधी कधी ते खरंही असतं, हीच पंचाईत. मी शांतपणे म्हणायचे, 'त्यांनी दिलं तर त्यांचं नशीब, आम्हाला दोन दिवस लागतील.' यावर भांडायचं नाही, खोटं ठरवायचं नाही. बहुतेक वेळा दोन दिवसांनी फ्लॅट तिथेच असतो.

आणि कॅशचा विषय. एका मालकाला किमतीतला बराच भाग रोख हवा होता. त्यात आपलं नुकसान सरळ आहे, कारण लोन करारातल्या किमतीवर मिळतं. शिवाय घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. काकांना आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की सगळं चेकने. त्यामुळे त्यांनी त्या मालकाचा नाद आमच्याआधीच सोडला.

मला सगळ्यात आवडलेला क्षण एका वेगळ्याच फ्लॅटमधला. रंग नवा, किचन मॉड्युलर, मालकीणबाई अगदी प्रेमळ, पोहे खायला घातले. काका बेडरूमच्या एका कोपऱ्यात उभे राहून फक्त भिंतीकडे बघत होते. वर काही बोलले नाहीत. खाली पार्किंगमध्ये आल्यावर स्कूटरची किल्ली फिरवत म्हणाले, 'ताई, एकाच भिंतीला नवा रंग का देतात माहितीये ना?' (ओल झाकायला.) त्या फ्लॅटचं त्यांना काहीच मिळालं नाही. मालकीणबाईंसमोर ते का बोलले नाहीत हेही समजून घ्यायला हवं, उद्या तोच फ्लॅट त्यांना दुसऱ्या कोणाला दाखवायचा होता. मला हे थोडं खटकतं. पण व्यवहाराचा माणूस म्हणजे काय ते इथे दिसतं.

आमच्या फ्लॅटची मीटिंग त्याच गाळ्यात झाली. मालकांची अपेक्षा ९०. काकांनी आधी फोनवर विचारलं होतं, 'तुमचा शेवटचा आकडा सांगून ठेवा, म्हणजे मला बोलता येईल.' नवऱ्याने सांगितलं ८२. खरा आकडा आमच्या दोघांतच होता आणि तो शेवटपर्यंत दोघांतच राहिला. यात अप्रामाणिकपणा नाही. काकांना सांगितलेला आकडा टेबलावर ठेवल्यासारखाच असतो, आणि तसा तो असावा हे त्यांनाही मान्य असतं. दोन चहा झाले, मालक एकदा उठून बाहेर गेले, काका त्यांच्या मागे गेले, काय बोलले माहीत नाही. ८४ ला हात मिळाले.

टोकनच्या पावतीचा त्यांच्याकडे छापील नमुना होता. त्यात मी पेनने एक ओळ घालून घेतली: कागदपत्रांतील त्रुटीमुळे बँकेने लोन नाकारल्यास टोकनची पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत. मालकांनी जरा कुरकुर केली, काकांनीच समजावलं. वकील मात्र आमचा स्वतःचा होता. काकांचे नेहमीचे वकील स्वस्त पडले असते आणि त्यांनी सुचवलेही, पण आम्ही पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं की कागद आमच्या ओळखीतले वकील बघतील. आधी सांगितलं की तो घरचा नियम वाटतो, नंतर सांगितलं की अविश्वास वाटतो. मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च, भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), सोसायटीचं ना हरकत आणि बाकी नसल्याचा दाखला, मालकांच्या जुन्या लोनचं बँकेचं पत्र, सगळं वकिलांनी बघितलं. कागदपत्रांबाबत एजंटचं 'होऊन जाईल' मी कधीच उत्तर म्हणून धरलं नाही. आणि ५० लाखांवरचा व्यवहार असल्याने १ टक्का टीडीएस कापून भरणं खरेदीदाराकडे असतं, तेही आमच्या सीएने सांगितलं, काकांनी नाही.

काकांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र सोन्याची निघाली. पुणे शहरात स्टॅम्प ड्यूटी ७ टक्के, पण फक्त महिलेच्या नावावर खरेदी असेल तर एक टक्का सूट. पती-पत्नी दोघांची नावं असतील तर ती मिळत नाही. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला, नवरा लोनला सहअर्जदार राहिला. रजिस्ट्रेशनचे ३० हजार तेवढेच, पण ड्यूटीत ८४ हजार वाचले. ब्रोकरेजही बरोबर ८४ हजार झालं. तोट्याची बाजूही सांगते: मालकीत नाव नसल्याने नवऱ्याला व्याजावर आयकरात सूट घेता येत नाही. आमच्या बाबतीत त्याने काही बिघडत नव्हतं, तुम्ही तुमचा हिशोब करा.

ताबा मिळाल्यावर एजंट गायब होतो असं ऐकलं होतं. काका झाले नाहीत, पण त्यांना आठवण करावी लागली. महावितरणच्या मीटरवर नाव बदलणं, महापालिकेच्या मिळकतकरात नाव लावणं, स्वतः राहतो म्हणून ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरणं, यासाठी त्यांचा मुलगा सोबत आला. सोसायटीने ट्रान्सफर प्रीमियमच्या (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) नावाखाली ५० हजार मागितले, तेव्हा महापालिका हद्दीत कमाल २५ हजार हे काकांनी सेक्रेटरींना स्वतः फोन करून सांगितलं. दोघे जुने मित्र निघाले, म्हणून आवाज चढला नाही.

नव्या प्रोजेक्टमध्ये घेणाऱ्यांना यातलं बरंच लागू नाही. तिथे एजंटला बहुतेक बिल्डरच पैसे देतो, त्यामुळे 'तुमच्याकडून काही नको' याने हुरळून जाऊ नका. महारेरात (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदलेल्या प्रोजेक्टमधलं घर विकणाऱ्या एजंटची स्वतःचीही नोंदणी लागते, आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. त्याचा नंबर मागा, महारेराच्या साइटवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

मागच्या महिन्यात काकांचा फोन आला. 'ताई, तुमच्या सोसायटीत कोणी विकायचं बोलत असेल तर कानावर घाला.' वरच्या मजल्यावरचे मुलाकडे बंगळूरला जायचं म्हणतायत हे मला माहीत होतं. त्यांना आधी विचारलं, ते हो म्हणाले, मग नंबर दिला. रविवारी सकाळी काका कोणालातरी घेऊन आले होते, जिन्यात भेटले, 'आत्ता घाईत आहे' म्हणून वर गेले.