सेल्सिअस आणि फॅरेनहाइट, दोन्ही दाखवणारा डिजिटल थर्मामीटर

हवेचे तापमान आपण सेल्सिअसमध्ये ऐकतो, पण अंगातला ताप मात्र घरोघरी अजून फॅरेनहाइटमध्येच मोजला जातो. म्हणूनच युरोपात राहणारी लेक फोनवर बाळाला 38.5 ताप असल्याचे सांगते, तेव्हा इकडे आजीला तो किती म्हणायचा हे चटकन उमगत नाही. औषधाच्या दुकानात सहज मिळणारा हा थर्मामीटर ती अडचण नीट सोडवतो. तो बंद असताना बटण काही सेकंद दाबून धरले की एकक बदलते, आणि 101.3 व 38.5 हे एकाच तापाचे दोन आकडे आहेत हे मनात पक्के बसते. टोक मऊ आहे, बीप स्पष्ट ऐकू येते आणि फुटून पारा सांडण्याची धास्तीही नाही. एककाचे अक्षर मात्र फारच बारीक आहे. वयस्कर माणसांना ते चष्म्याशिवाय दिसणे कठीण.

माहितीपत्रकात अचूकता ±0.1 अंश सेल्सिअस आणि ±0.2 अंश फॅरेनहाइट अशी छापली आहे. त्यावरून फॅरेनहाइटचा आकडा कमी भरवशाचा असावा असा समज होतो, पण तो चुकीचा आहे. सेल्सिअसचा 1 अंश म्हणजे फॅरेनहाइटचे 1.8 अंश, त्यामुळे 0.1 चे 0.18 होतात आणि तेच 0.2 म्हणून छापतात.

माझी खरी तक्रार पत्रकातल्या सूत्राबद्दल आहे. सेल्सिअसच्या आकड्याला 1.8 ने गुणून 32 मिळवावेत एवढेच त्यात दिले आहे; ताप किती चढला किंवा उतरला हे काढताना 32 मिळवायचे नसतात, हे कुठेच सांगितलेले नाही. सेल्सिअसमध्ये पाणी 0 अंशाला गोठते आणि फॅरेनहाइटमध्ये 32 अंशांना, म्हणून सेल्सिअसचा आकडा फॅरेनहाइटमध्ये नेताना 32 मिळवावे लागतात. दोन आकड्यांची वजाबाकी केली की ते आपोआप निघून जातात. ताप 39 वरून 38 वर आला, तर तो 102.2 वरून 100.4 वर, म्हणजे फॅरेनहाइटच्या 1.8 अंशांनी उतरला. औषध दिल्यानंतरचा फरक डॉक्टरांना कळवताना घरची मंडळी नेमकी इथेच गोंधळतात, तेव्हा ‘एका अंशाने उतरला’ असे मोघम न सांगता दोन्ही आकडे एककासह सांगावेत, आणि ताप काखेत घेतला की जिभेखाली तेही सांगावे, कारण काखेतला आकडा सहसा थोडा कमी येतो.

ज्यांची मुले-नातवंडे परदेशात आहेत, त्यांनी हा थर्मामीटर जरूर घ्यावा. ज्यांना फक्त फॅरेनहाइटच लागते, त्यांना साध्या डिजिटल थर्मामीटरवरही भागवता येईल.