तोंडात धरायचा तुकडा: पंप, स्पेसर आणि नेब्युलायझर, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

बडिशेपेच्या एका दाण्याने मला हे लिहायला बसवलं. ऑगस्टमधली गोष्ट. गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या बाजारातून भाजीची पिशवी घेऊन घराची चढण चढताना धाप लागली, म्हणून शर्टाच्या खिशातून दम्याचा पंप (इन्हेलर) काढला. टोपण खिशातच निघून पडलं होतं. सवयीने तोंडाला लावणार, तेवढ्यात आत काहीतरी हिरवट दिसलं. तळहातावर आपटला तर बडिशेप पडली. दुपारी जेवल्यावर खिशात टाकलेल्या पुडीतली. तशीच दाबून ओढली असती तर फवाऱ्याबरोबर थेट श्वासनळीत गेली असती. दम्याने नाही, बडिशेपेने गेलो असतो.

तोपर्यंत मी औषधाचं नाव, मशीनची किंमत, कंपनी, सगळं चौकसपणे पाहिलं होतं. जो भाग ओठांत धरायचा, त्याच्याकडे मात्र कधी निरखून पाहिलं नव्हतं. गेल्या नऊ महिन्यांत माझी सगळी फसगत तिथेच झाली आहे.

मी डॉक्टर नाही. वय अठ्ठावन्न, शाळेत क्लार्क होतो. औषध कोणतं आणि किती, हे ज्याचं त्याने डॉक्टरलाच विचारावं. मी फक्त वापराबद्दल लिहितोय.

गेल्या जूनमध्ये पाऊस लागला आणि माझी छाती वाजायला लागली. आमच्याकडे पावसाळा म्हणजे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाणी. भिंतींना ओल, कपाटातल्या चपलांवर बुरशी, टॉवेल चार-चार दिवस दमट. निदान दमा. रोज सकाळ-संध्याकाळ स्टिरॉइडचा पंप, धाप लागली तर लगेच आराम देणारा दुसरा पंप आणि जास्त झालं तर नेब्युलायझर, ज्याला आमच्या घरी सगळे ‘वाफ’ म्हणतात. खरं तर ती वाफ नव्हेच. कॉम्प्रेसरच्या हवेने औषधाच्या पाण्याचे बारीक थेंब उडतात, गरम काही नसतं.

मशीनच्या खोक्यात मास्क होता आणि एका पिशवीत टी आकाराचा प्लॅस्टिकचा तुकडा. मी तो तुकडा जादाचा सुटा भाग समजून कपाटात ठेवून दिला आणि दीड महिना मास्क लावून बसलो. चष्म्यावर धुकं यायचं, डोळे चुरचुरायचे, गालाला चिकट लागायचं. छातीला आराम पडायचा, पण अर्धवट. बांबोळीच्या इस्पितळात तपासणीसाठी गेलो तेव्हा तिथल्या सिस्टरने विचारलं, “घरी कसं घेता?” मी हातानेच मास्कची खूण केली. त्या म्हणाल्या, “तुम्ही शुद्धीवर असता ना? ओठ मिटता येतात ना? मग मोठ्या माणसाला मास्क कशाला? माउथपीस दिला नाही का मशीनबरोबर?”

दिला होता. कपाटात होता.

त्यांनी दोन मिनिटांत जे सांगितलं ते खोक्यातल्या कागदावरही असेल, पण ते अक्षर वाचायला भिंग लागतं. नाक ही गाळणी आहे. धूळ अडवायला आहे, तशीच ती औषधही अडवते. मास्क लावून नाकाने श्वास घेतला की फुप्फुसात जायचं औषध बरंचसं नाकातच राहतं. उरलेल्यातलं काही फटींतून तोंडावर आणि डोळ्यांत. स्टिरॉइड असेल तर मास्क काढल्यावर चेहरा धुवायला हवा, हेही मला तेव्हाच कळलं. माझ्या वाफेत श्वासनळ्या मोकळ्या करणारं इप्राट्रोपियम नावाचं औषध होतं. ते डोळ्यांत गेलं तर बाहुली मोठी होते, आणि काचबिंदू असलेल्याला त्याचा त्रास होऊ शकतो. माझ्या ताईला काचबिंदू आहे आणि तीही हीच वाफ मास्कने घेते. घरी पोचल्यावर पहिला फोन तिला केला.

माउथपीसची सवय व्हायला आठवडा लागला. दातांत हलकेच धरायचा, ओठ पूर्ण मिटायचे, जीभ खाली. औषधाची वाटी उभी राहायला हवी, आडवी झाली की फवारा मंदावतो. आठ-दहा मिनिटं तसं बसलं की लाळ गळते, जबडा अवघडतो, मध्येच कोणी बोलायला लागलं तर नुसतं हूं हूं. पण चष्मा कोरडा राहतो आणि आराम पुरता पडतो. मास्क मी फेकलेला नाही. जोराचा अटॅक आला, तोंडात काही धरण्याइतकं त्राण नसलं, किंवा लहान मूल असलं तर मास्कच बरा.

आता पंपाकडे येतो. जास्त लिहिण्यासारखं तिथेच आहे.

गोव्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली की घरोघर घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवत आरत्या. मी वीस वर्षं आमच्या वाड्यावरच्या पथकात वरच्या पट्टीत गातो. यंदा पहिल्याच घरी दुसऱ्या आरतीला आवाज फाटला. तिसऱ्या घरापर्यंत नुसता घोगरा वारा. मला वाटलं पावसात भिजलो, मोदकांचं तूप बाधलं. बायको म्हणाली, “अहो, आरशात घसा तरी बघा.” टाळूवर पांढरे ठिपके होते.

कारण साधं होतं. पंपातून औषध प्रचंड वेगाने सुटतं. पंप थेट तोंडाला लावला की त्यातलं बहुतेक समोरच्या घशावर जाऊन आपटतं, छातीत पोचतो तो थोडका भाग. त्यात माझं टायमिंग म्हणजे आनंद. मी आधी दाबायचो आणि मग श्वास घ्यायचो. आरशासमोर करून पाहिलं तर तोंडातून पांढरा धूर सरळ बाहेर. म्हणजे तीन महिने मी घशाला स्टिरॉइडचा लेप देत होतो आणि छातीला वास. आवाज बसतो तो त्यानेच, आणि पांढरे ठिपके म्हणजे बुरशी.

उपाय म्हणून स्पेसर मिळाला. प्लॅस्टिकची पोकळ नळकांडी. एका टोकाला पंप बसतो, दुसऱ्या टोकाला माउथपीस. फवारा आधी नळकांडीत सुटतो, तिथे त्याचा वेग मोडतो, मोठे थेंब भिंतीला चिकटतात आणि बारीक ढग उरतो. तो आपण सावकाश ओढायचा. दाबणं आणि ओढणं एका क्षणात जुळवायची कसरत संपते.

पहिला स्पेसर घाईत घेतला, चारशेच्या आतला. त्याचा माउथपीस गोल, बाटलीच्या तोंडासारखा. गोल नळीवर ओठ मिटले की दोन्ही कोपऱ्यांना फट राहते. माझ्या मिशा असल्याने वरूनही. आत झडप नव्हती. त्यामुळे ओढण्याआधी चुकून श्वास सोडला की ढग मागे ढकलला जायचा. मागचं भोक एकाच आकाराच्या पंपासाठी कापलेलं. पुढच्या महिन्यात फार्मसीवाल्याने तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं, आणि तो पंप त्या भोकात लळत लोंबत होता. मी रबरबँड लावून बघितलं. फवारा मागूनच हातावर. दोन आठवडे असा जुगाड केला, हे सांगायलाही लाज वाटते.

दुसरा घेताना पंप खिशात घालून गेलो आणि दुकानातच बसवून पाहिला. याची मागची बाजू मऊ सिलिकॉनची, कुठलाही पंप घट्ट बसतो. माउथपीस लांबट, चपटा, ओठांच्या नैसर्गिक आकाराचा, आणि टोकाला एक उठावदार कड आहे, तिच्यामागे दात बरोबर टेकतात. ही कड अर्ध्या सेंटिमीटरचीही नसेल, पण तुकडा किती आत घ्यायचा हे तीच सांगते. गोलवाल्यात मी कधी टोकावर धरायचो, तर कधी जीभच भोकावर यायची. आत पातळ झडप आहे, ती श्वास घेताना उघडते आणि सोडताना मिटते. हलताना दिसते, त्यामुळे आपण खरंच ओढतोय की नुसती ॲक्टिंग करतोय ते कळतं.

याला शिट्टीही आहे. फार जोरात ओढलं की वाजते. पहिले दोन दिवस मला वाटलं वाजली म्हणजे जमलं. उलटं आहे. वाजली म्हणजे चुकलं, श्वास हळू घ्या. बायको आतून ओरडायची, “कुकर कोणी लावला?”

माझी पद्धत आता अशी बसली आहे: पंप हलवायचा, टोपण काढून आत डोकवायचं (बडिशेप!), बसवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, माउथपीस ओठांत, एकदाच दाबायचं, सावकाश खोल ओढायचं, मनात दहापर्यंत मोजत धरून ठेवायचं. दुसरा पफ घ्यायचा असेल तर पुन्हा पहिल्यापासून. वेळ वाचवायला मी दोन पफ एकदम नळकांडीत सोडून बघितले आहेत. तसं करू नये, थेंब एकमेकांना आणि भिंतीला चिकटून औषध वाया जातं. शेवटी गुळण्या, आणि पाणी थुंकायचं, गिळायचं नाही.

धुण्याबाबत मी घरातल्या स्वच्छतेच्या संस्कारांमुळे फसलो. पहिला स्पेसर धुऊन सुती फडक्याने खसाखसा पुसायचो, अगदी तांब्याच्या भांड्यासारखा. घासलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. आतून पांढरी पुटं दिसायची, मला वाटायचं साबण राहिला. बरोबर रीत म्हणजे कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विड सोपचा थेंब, त्यात हलवून काढायचा, आतून चोळायचा नाही, पुसायचा नाही, साबण धुऊनही काढायचा नाही, तसाच उभा वाळवायचा. साबणाचा पातळ थर आत राहिलेलाच बरा. फक्त माउथपीस बाहेरून नीट पुसायचा, नाहीतर सकाळचा पहिला पफ लिंबाच्या साबणाच्या चवीचा. महिन्यातून एकदा पुरतं. नवा आणला तरी आधी असाच धुवायचा.

सप्टेंबरात हे वाळवणं म्हणजे तपश्चर्या. आमच्या स्वयंपाकघरात दोन दिवस लागले. शेवटी फ्रिजच्या डोक्यावर जागा सापडली. नेब्युलायझरच्या नळीत तर पाण्याचे थेंब साठतात. वाटी काढून नुसती नळी लावून मशीन दोन मिनिटं चालवलं की ती कोरडी होते. वाटी आणि माउथपीस दर वेळी धुवायचे, उरलेलं औषध तसंच ठेवायचं नाही.

मध्ये तीन आठवडे कॅप्सूलवाला रोटाहेलरही वापरून पाहिला. खिशात मावतो, टायमिंगची कटकट नाही. पण त्यात नेमकं उलटं, श्वास जोरात आणि झटक्यात घ्यायचा, कारण पावडर उडवायला फवारा नाही, तुमचाच जोर. मला नुकतीच सावकाशीची सवय लागली होती, दोन्हींचा घोटाळा व्हायला लागला. शिवाय माउथपीसमध्ये चुकून श्वास सोडला की आत ओल आणि पावडरचे गोळे. आमच्या हवेत कॅप्सूल पाकिटातून आधी काढून ठेवायची सोयच नाही. ज्यांना जमतो त्यांना जमतो.

खरी परीक्षा दिवाळीत झाली. नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडे गावोगाव नरकासुर जाळतात. गवत, कागद, कापड आणि पोटात फटाके. भाचा पुण्याहून आला होता, त्याच्या हट्टापायी मीही गेलो. वारा फिरला आणि धूर अंगावर आला. घर अर्धा किलोमीटर, मशीन घरी, आणि तिथे प्लग तरी कुठे शोधणार? एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून पिशवीतून निळं नळकांडं काढलं आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे लगेच आराम देणारा पंप एकेक पफ घेतला. दहा मिनिटांत बोलता यायला लागलं. तेव्हापासून स्पेसर मोटरसायकलच्या डिकीत नाही, खांद्याच्या पिशवीत असतो. डिकीत ऊन तापतं आणि पंपाच्या डबीवरच लिहिलंय की गरम जागी ठेवू नका.

पायरीवर बसलेलो असताना भाच्याच्या एका मित्राने विचारलं, “काका, एवढं मोठं वेप?” सगळे हसले, मीही. नंतर भाच्याच्या खिशातून खरंच एक वेप, म्हणजे ई-सिगारेट, निघालं, पेनाएवढं, बदकाच्या चोचीसारखा चपटा माउथपीस, आंब्याचा वास. मान्य करतो, माउथपीसचा आकार माझ्यापेक्षा जास्त विचार करून बनवलेला होता. औषधाच्या सामानावर कोणी इतकी कलाकुसर करत नाही. पण आत निकोटीन, आणि बाकी काय ते विकणाराही सांगणार नाही. २०१९ च्या कायद्याने देशात याची विक्री, आयात, साठवण, जाहिरात, सगळ्यालाच बंदी आहे. त्याने अंगणात एक झुरका सोडला आणि मी खोकत आत आलो. मग ते रस्त्यापलीकडे गेलं. आमच्यात त्यावर फार बोलणं झालं नाही, पण घरात पुन्हा दिसलं नाही.

शिगम्याच्या, म्हणजे आमच्या होळीच्या सणाच्या, तालमी सुरू झाल्यात. आवाज पूर्वीसारखा वरच्या पट्टीत टिकत नाही, पण फाटतही नाही. ठिपके डॉक्टरांच्या गोळ्यांनी आणि गुळण्यांनी गेले, परत आले नाहीत. सहा महिन्यांत स्पेसरची झडप थोडी कडक झाली आहे आणि कडेला पिवळी पडली आहे. वर्षाच्या आत बदलायचा असतोच, तेव्हा पावसाआधी दोन घेणार आहे, एक वाळत असताना दुसरा वापरायला. लांबट माउथपीसचेच, शिट्टी नसली तरी चालेल.

परवा ताईचा फोन आला. तिलाही खोक्यात माउथपीस सापडला, पण तिच्या वाटीवर बसत नाही, सैल आहे म्हणते. डॉक्टरांना विचारलंस का म्हटलं, तर म्हणे अजून नाही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाणार आहे, तेव्हा तिची वाटी सोबत नेऊन दुकानात बसवून बघतो.