रात्रीची बाई: ५० रात्री, ६६ हजार आणि कूलरची एक बादली

बाळाला रात्री सांभाळायला बाई पुरवणाऱ्या एजन्सीकडे माझे अजून १,४०० रुपये अडकलेत, म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर सात महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन एवढं टाइप करायची हौस कुणाला आहे!

आधी तेच सांगून टाकते. डिपॉझिट ५,००० होतं. काम संपल्यावर आठ दिवसांत परत, असं बोलणं झालं होतं. आले २,२००. दोन रात्री "ऐनवेळी रद्द" केल्या म्हणून २,८०० कापले. त्यातली एक रात्र मी आदल्या दिवशी सकाळी ११ वाजता मेसेज करून रद्द केली होती, मेसेज अजून मोबाइलमध्ये आहे. तो दाखवल्यावर १,४०० आले. दुसऱ्या रात्री तर बाईच आजारी होती! तिनेच मला फोन केला होता. ती आली नाही आणि पैसे माझे कापले. तीन महिने झाले, फोनवरची मुलगी "प्रोसेसमध्ये आहे मॅडम" म्हणते.

आता बाईबद्दल. एजन्सी तिला "पोस्टपार्टम डूला" म्हणते. डूला हा मुळात ग्रीक शब्द, अर्थ सेवा करणारी बाई, दासी. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे बाईच ना, मग बाई म्हण." आम्ही मावशी म्हणायचो. सासूबाई चोपड्याकडच्या, त्या शेवटपर्यंत अहिराणीत "रातनी बाई" म्हणाल्या.

आमची अडचण अशी होती. मी जळगावला, नवरा भुसावळला लोको पायलट, महिन्यातल्या निम्म्याहून जास्त रात्री इंजिनावर. रेल्वेत १५ दिवस पितृत्व रजा मिळते. आमच्या साहेबांनी तारीख जवळ आली म्हणून ती आधीच सुरू केली आणि पोरगं आलं आठ दिवस उशिरा, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आदल्या दिवशी, सिझेरियनने. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. सासूबाई दिवसभर हौसेने करायच्या, पण रात्री १० ला झोपल्या की सकाळीच उठणार. म्हणून सहाव्या दिवसापासून रात्री ९ ते सकाळी ७ बाई ठेवली. ३० रात्रींचं पॅकेज ३६,०००, नोंदणी २,०००. नंतर नवऱ्याच्या नाइटपैकी सुट्या २० रात्री, १,४०० प्रमाणे २८,०००. पोळ्याच्या आसपास बंद केली. म्हणजे ६६,००० झाले. जळगावात कुठल्याही खर्चाचं सोनं करून बघतात. आत्याबाई लगेच म्हणाल्या, "एवढ्याचं सोनं आलं असतं."

आणि एवढे मोजून पहिल्या आठवड्यात मला काय मिळालं? कूलरची बादली.

मे महिन्यात आमच्याकडे ४४ म्हणजे रोजचंच. आमचा कूलर जुना, लोखंडी पत्र्याचा, खिडकीत बसवलेला. टाकी रात्री १० ला भरली की अडीचच्या सुमाराला कोरडी. मग पंप नुसताच घरघरतो, गवत सुकतं, खोलीत गरम वारा येतो आणि पोरगं भोकाड पसरतं. पहिल्याच रात्री मावशींनी मला उठवलं. बाळासाठी नाही. "ताई, कूलरचं पाणी संपलं." म्हटलं, बादली मोरीत आहे. तर म्हणाल्या, "मी कूलरला हात नाही लावत." टाके घालून सहा दिवस झालेली बाई बादली उचलणार? आई उठली, लंगडत तांब्या-तांब्याने पाणी ओतलं. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच.

एजन्सीला फोन केला. त्यांनी कामांची यादी पाठवली: बाळाला बघणं, आईला दूध पाजायला मदत, लंगोट बदलणं, बाळाच्या वाट्या-चमचे उकळणं, आईला खायला-प्यायला देणं. "कूलर भरणे स्कोपमध्ये येत नाही." मी म्हटलं, १,२०० रुपयांत एक बादली येत नाही? त्या दिवशी मोबाइलमध्ये "दोन तारे, पैसे वाया" असा मजकूर लिहून ठेवला होता. टाकायचा राहिला, कारण पोरगं उठलं.

आता बाळाकडे येते, नाहीतर कूलरवरच संपेल.

पहिल्या पाच दिवसांत पोरगं कण्हलं की आम्ही उचलत होतो. उचललं की ते पुरतं जागं व्हायचं, मग दीड तास तमाशा. मावशींचं तंत्र मी अंधारात पडल्या पडल्या पाहिलं. पावणेतीनला ते कुंथायला लागलं, पाय झाडले, तोंड वेडंवाकडं केलं. मावशी उठल्या, पण उचललं नाही. पोटावर नुसता हात ठेवून बसल्या. एक मिनिट, दोन मिनिटं. ते पुन्हा शांत. तान्ह्या बाळांची निम्मी झोप अशीच आवाज करत जाते, सकाळी मला म्हणाल्या. पुढच्या वेळी मात्र त्याने तोंड हाताकडे वळवलं, ओठ चोखायला लागलं, तसं त्यांनी रडायच्या आतच माझ्या कुशीत आणून दिलं. मी कुशीवर वळायचं, टाक्यांवर भार नाही. तोंड नीट लागलंय का ते त्या टॉर्चवर रुमाल टाकून बघायच्या. पिऊन झालं की घेऊन जायच्या. ढेकर, लंगोट, थोपटणं, "कसाले रडस रे राजा" हे सगळं खोलीच्या त्या टोकाला. तोवर मी झोपलेली असायचे. आधी एका पाजण्याला दीड तास जात होता, तिथे २५ मिनिटं. रात्रीतून अशी तीनदा-चारदा धरा आणि तुम्हीच हिशोब करा.

दुसरं म्हणजे वही. शाळेची दोनशे पानी, त्यात रकाने: दूध, शू, शी, झोप. मला आधी नाटकी वाटली. नवव्या दिवशी सकाळी मावशी वही घेऊन समोर बसल्या. दिवसभराचं आम्ही लिहिलेलं आणि रात्रीचं त्यांचं मिळून २४ तासांत ओले लंगोट चारच होते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर सहा तरी हवेत. सासूबाई म्हणाल्या, एवढं ऊन पडलंय, लेकराच्या घशाला कोरड पडली असेल, चमचाभर पाणी पाजा. खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. ४४ डिग्रीत आपण तांब्याच्या तांब्या रिचवतो आणि त्या जिवाला थेंब नाही? मावशी शांतपणे म्हणाल्या, सहा महिने पाणी नाही, उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात ८० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. पाण्याने पोट भरलं की दूध कमी ओढतं, मग दूधही कमी येतं. "पाणी तुम्ही प्या, त्याला जास्त वेळा पाजा, आणि आजच्या आज डॉक्टरांना वजन दाखवा." जन्माला २ किलो ७०० होतं, पाचव्या दिवशी २ किलो ४८०, त्या दिवशी काट्यावर फक्त २ किलो ५००. डॉक्टरांनी दर दोन तासांनी पाजायला सांगितलं. पंधराव्या दिवशी जन्माचं वजन भरून निघालं. वही अजून ठेवली आहे.

सासूबाईंशी खटके उडायचेच. राईची उशी मावशींनी काढून टाकली, बाळ पाठीवर आणि सपाट गादीवरच. मध चाटवायचा नाही, एक वर्षापर्यंत. नाळेला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. डोळ्यांत काजळ नाही. ते मिटलं ते तळपायाला तीट लावून. ओवा-शेपाच्या धुरीवरून मात्र दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. "आमना येळले कोन व्हती रातनी बाई?" हे वाक्य मी रोज ऐकलं. शेवटी माझी धुरी मागच्या अंगणात, पोरगं आत. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी यावर मावशींची काही हरकत नव्हती. उलट पहाटे चारला लाडू आणि कोमट दूध त्याच हातात द्यायच्या.

आता कूलर. अकराव्या दिवशी नवरा घरी होता. मी मावशींबद्दलचं गाऱ्हाणं पहिल्यापासून सांगितलं आणि सांगता सांगता आठवलं की पहिल्या रात्री त्यांनी विचारलं होतं, "ताई, याला अर्थिंग आहे का?" मला वाटलं होतं, काम टाळायचं निमित्त. नवऱ्याने टेस्टर आणला, कूलर चालू केला आणि पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा लाल लागला. पंपाच्या वायरीचं आवरण पाण्यात राहून फाटलं होतं आणि प्लगला तिसरी पिनच नव्हती. चालू कूलरच्या त्या पत्र्याजवळ उभी राहून आई रोज रात्री ओल्या जमिनीवर अनवाणी पाणी ओतत होती.

आमच्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणी ना कुणी गेल्याची बातमी पेपरात असते. मी ती वाचून पान उलटते. मावशींना आधीच्या एका घरी झटका बसला होता, तेव्हापासून त्या लोखंडी कूलरला शिवत नाहीत. इलेक्ट्रिशियनने वायर बदलून अर्थिंग करून दिलं, ३५० रुपये. नवऱ्याने टाकीत बॉलकॉक लावून गच्चीवरच्या टाकीचं पाणी सोडलं, पाइप धरून २८०. ६३० रुपयांत अडीचची कटकट कायमची गेली. "दोन तारे" तेव्हाच पुसले.

तरीही माझं म्हणणं आहे, की प्लग काढून बादली ओतता आली असती. आणि भीती होती तर पहिल्याच रात्री खणखणीत सांगायचं, नुसतं विचारून गप्प बसायचं नाही. हे मी त्यांना बोललेही. त्या हसल्या. "नव्या घरात पहिल्या रात्री बाईचं कोण ऐकतं, ताई?"

एक गोष्ट थोडक्यात सांगते, जास्त लिहिवत नाही. पहिले काही दिवस रडू येतं, बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. माझं ओसरलं नाही. विसाव्या दिवशी मावशींनी पिशवीतून मराठीतला दहा प्रश्नांचा एक कागद काढला, बाळंतिणीला नैराश्य आलंय का ते बघायचा. एडिनबरा स्केल म्हणतात त्याला, १९८७ पासून वापरात आहे. माझी बेरीज १४ आली, म्हणजे डॉक्टरांना दाखवायला हवं एवढी. "यावरून मी काही ठरवत नाही, डॉक्टर ठरवतील. पण जा," एवढंच म्हणाल्या आणि नवऱ्याला माझ्यासमोर सांगितलं. गेले. औषध आणि बोलणं, दोन्हींचा उपयोग झाला. टाके काढताना, तपासणीला, कुणी म्हणजे कुणी मला तोवर विचारलं नव्हतं की झोप लागते का, रडू येतं का. सगळ्यांनी दूध येतं का तेवढंच विचारलं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस लाइन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत.

तक्रारी अजून आहेत. मावशी घोरतात, आणि चांगल्याच. बाळ हललं की क्षणात उठतात हे मान्य, पण मधल्या वेळात मी जागी. चहा रात्रीतून दोनदा, साखर दीड चमचा. दीड महिन्याच्या लसीनंतर ताप आला, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब समोर असूनही मला उठवूनच दिले. औषध स्वतःच्या हाताने द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. तेव्हा चिडले होते. आता वाटतं, बरोबर होतं. नर्स म्हणून ठेवत असाल तर ठेवू नका, ती नर्स नाही.

पैशांचं म्हणाल तर माझ्या जावेचं बाळंतपण गावी झालं. तिच्याकडे आशाताई ठरलेल्या दिवशी घरी यायच्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. वजन, ताप, नाळ, पाजणं, सगळं बघितलं. एक रुपया नाही. घरी जाऊन तान्ह्या बाळाला बघायची ही रीत गडचिरोलीत डॉक्टर बंग दाम्पत्याने गावातल्या बायकांना शिकवून सिद्ध केली, मग देशभर गेली. मावशी जे शिकून आल्या त्यातलं बरंचसं आशाताईंनाही येतं. फरक एवढाच की पावणेतीनला आशाताई नसतात. तेव्हा घरात धडधाकट माणूस जागं राहणारं असेल तर ६६ हजार वाचवा, खरंच वाचवा. सुट्या २० रात्रींपैकी दहा मी निव्वळ सवयीने घेतल्या, त्यांची गरज नव्हती.

ठेवणार असाल तर एजन्सीकडून "रद्द" शब्दाचा अर्थ लिहून घ्या: किती तास आधी, कुणी रद्द केलं तर कुणाचे पैसे. मी घेतला नाही. आणि बाई दारात चपला काढून काही विचारते तेव्हा नीट ऐका.

मावशी सध्या भुसावळला जुळ्यांकडे आहेत. त्यांना त्या आजारपणाच्या रात्रीचे पैसे एजन्सीने दिले का, असं मी परवा फोनवर विचारलं. नाही दिले. म्हणजे माझेही कापले आणि त्यांनाही नाही. सोमवारी पुन्हा फोन करणार आहे.